वेंडेलची बहीण

राजधानी, १४ जानेवारी १९७७

प्रिय अर्डिस,

शपथ झाली. तुझा धाकटा भाऊ आता राज्याच्या प्रतिनिधी सभागृहाचा सन्माननीय सभासद आहे, आणि हे पत्र मी माझ्या स्वतःच्या कचेरीतून लिहितो आहे. कचेरी तशी चौघांत मिळून आहे, पण जागा मोक्याची. खाली बॉयलर असल्यामुळे ऊब भरपूर, आणि समोरच स्वच्छतागृह असल्यामुळे सगळी बडी मंडळी माझ्या दारावरून जातात. काल खुद्द सभापती हॅरिंग्टन थांबले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "टॉर्केल्सन, तुमच्यासारख्यांची इथे गरज आहे." आपलं आडनाव टॉर्गर्सन आहे हे मी बोललो नाही. पहिल्याच आठवड्यात मोठ्या माणसाची चूक काढणं बरं दिसत नाही.

शेती समिती मागितली होती, शिक्षण समिती मिळाली. सभापती म्हणतात, शिक्षण म्हणजे राज्याचं भवितव्य. मला पटलं.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. आपल्या टेलिफोनच्या एकाच तारेवर चार घरं आहेत आणि मिसेस ग्रूबर श्वास रोखून ऐकत बसते. आता माझ्या शब्दाला वजन आलं आहे, तो असा कुणाच्याही कानी पडून चालणार नाही. तुझ्या पार्लरमध्ये मात्र जे सांगण्यासारखं असेल ते सांगत जा.

मार्व्हल नवऱ्याबरोबर इथे राहायला यायला तयार नाही. म्हणते, दोन वर्षांसाठी पडदे कोण शिवणार? तिच्याकडे आणि आमच्या पोरीकडे, जोलीनकडे लक्ष ठेव.

तुझा
वेंडेल

ता.क. पाकिटावर 'सन्माननीय' लिहिलं तर पत्र लवकर पोचतं म्हणतात.


कार्व्हर्स बेंड, २५ जानेवारी १९७७

वेंडेल,

पाकिटावर 'सन्माननीय' लिहिलेलं नाही. तरीही पोचलं असेल तर टपालवाल्यांचे आभार मान.

तुझं पत्र पार्लरमध्ये वाचून दाखवलं. बॉयलरपर्यंत सगळ्या गप्प होत्या. स्वच्छतागृहापाशी मिसेस ग्रूबरच्या डोक्यावरचे रोलर खाली पडले.

रागावू नकोस, पण तू कसा वर गेलास ते या गावाला पाठ आहे. दुपारचा भोंगा बंद करायचा की चालू ठेवायचा यावर गाव भांडत होतं, तेव्हा तू लिलावात कमावलेल्या आवाजात 'भोंगा आपल्या बापजाद्यांचा आहे' म्हणून गरजलास आणि नगरपरिषदेत गेलास. भोंगा बसवून तेव्हा सहा वर्षं झाली होती. पुढे महापौर झालास, कारण दुसरा उमेदवार सांधेदुखीपायी ॲरिझोनाला निघून गेला. आणि आता राजधानीत, कारण म्हाताऱ्या प्रतिनिधीला भाषणात डुलकी लागली आणि तू जागा होतास. मी तुला नावं ठेवत नाही. तीनदा पुकारून गाय विकणारा माणूस एकदाच बोलून मतं मिळवतो, हीसुद्धा कला आहे.

आता कामाचं. हेडमास्तर लुंडक्विस्ट सांगत होते की लहान शाळा मोठ्या गावांत विलीन करायचं घाटतं आहे. आपल्या हायस्कुलात शंभरही पोरं नाहीत. शाळा गेली तर शुक्रवारचा सामना गेला, बँड गेला, आणि पोरं तीस मैलांवर हॅडलीला, ज्यांना आपण जन्मभर शिव्या दिल्या त्यांच्यात. तू शिक्षण समितीत आहेस हे ऐकून लोकांचा जीव भांड्यात पडला. तेवढं एक बघ. बाकी काही नाही केलंस तरी चालेल, आणि ते तुला जमेल.

अर्डिस


राजधानी, १८ मार्च १९७७

प्रिय अर्डिस,

इतक्या दिवसांत लिहिलं नाही कारण मी आता आतल्या गोटात आहे. सभापतींनी मला जेवायला नेलं. स्टेक इतका मोठा की बटाट्यासाठी वेगळी बशी मागवावी लागली. जेवता जेवता ते म्हणाले, "वेंडेल," (नाव आता बरोबर घेतात) "शैक्षणिक गुणवत्ता विधेयकाच्या बाजूने बोलायला एखादा गावाकडचा खणखणीत आवाज हवा आहे."

गुणवत्तेच्या विरोधात कोण असतो, अर्डिस? मी पंधरा मिनिटं बोललो. आपल्या बँडमध्ये मी ट्यूबा वाजवायचो ते सांगितलं, वाडगेभर जेली सॅलड घेऊन शाळेच्या जेवणावळीला येणाऱ्या आयांबद्दल सांगितलं. मागच्या बाकांवर दोघांनी रुमाल काढले. विधेयक दणक्यात पास झालं. कलमं पुष्कळ होती, वाचायला वेळ नव्हता, पण ज्यांनी वाचली ते सगळे खूश होते. पुढच्या वेळी सिनेटला उभं राहायचं मनावर घ्या, असंही सभापतींनी सुचवलं.

लुंडक्विस्टांना सांग, काळजी नको. मी इथे आहे.

तुझा
वेंडेल


कार्व्हर्स बेंड, २७ मार्च १९७७

वेंडेल,

लुंडक्विस्टांनी विधेयक मागवून वाचलं. ज्या हायस्कुलात शंभर पोरं नाहीत ते पुढच्या वर्षीपासून बंद. सातवं कलम. भोंग्याच्या वेळी जेवढं बोललास त्याच्या निम्म्या वेळात वाचून झालं असतं.

तू आपल्या शाळेच्या गळ्यावर सुरी फिरवलीस आणि वर ट्यूबा वाजवलास.

तू भाषण केलंस हे इथे कुणाला ठाऊक नाही. इथल्या साप्ताहिकात राजधानीचं पान नसतं, डुकरांचे भाव असतात. मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार नाही असं मात्र समजू नकोस. ताबडतोब गावात ये, 'माझी चूक झाली' म्हण, आणि परत जाऊन निस्तर. लोक दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी कॉफी पाजतील. आपलं गाव तसं आहे.

अर्डिस


राजधानी, ५ एप्रिल १९७७

प्रिय अर्डिस,

तुझं पत्र वाचून मला धक्का बसला. हा कायदा म्हणजे खेड्यांवरचा घोर अन्याय आहे आणि मी तो मुळीच सहन करणार नाही.

मी येतो आहे. 'आपली शाळा वाचवा' असा मोठा फलक करून घे; अक्षरं लाल, खाली माझं नाव. मोर्चा शाळेपासून धान्याच्या कोठारापर्यंत काढू. मी सर्वांत पुढे चालेन. भाषणाचं तेवढं मागे राहू दे. जुन्या गोष्टी उगाळल्या की चळवळीत फूट पडते.

तू माझी बहीण आहेस. रक्ताचं नातं असतं ते अशाच वेळेसाठी.

तुझा
वेंडेल


कार्व्हर्स बेंड, २२ जानेवारी १९७९

वेंडेल,

जवळजवळ दोन वर्षं मी तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि बोलण्यासारखं फार होतं. तू मोर्च्याच्या पुढे चाललास, मी मागून चालले आणि तोंड मिटून घेतलं. त्या लाल अक्षरांवर तू सिनेटला निवडून आलास. शाळा मात्र ठरल्याप्रमाणे बंद झाली. चषकांचं कपाट हॅडलीवाले घेऊन गेले. म्हणतात, जागा झाली की लावू. तोवर ते बॉयलरच्या खोलीत आहे. तुला आवडेल.

मागच्या मंगळवारी वादळ आलं. हॅडलीहून पोरांना घेऊन निघालेली बस ओटो विर्थच्या शेताशी बर्फात रुतली. हीटर बंद पडला. ड्रायव्हरने पोरांना एकमेकांचे मफलर धरायला लावून ओटोच्या डुकरांच्या गोठ्यापर्यंत नेलं, कारण घर त्याच्याही पलीकडे होतं आणि दिसत नव्हतं. बर्फ सारायचा नांगर लावलेला ट्रक रस्ता काढत येईपर्यंत पोरं डुकरांना टेकून बसली. डुकरांनी वाचवलं त्यांना. डिटमारांच्या मुलीचे हातमोजे वाटेत पडले. तिचं एक बोट कापावं लागलं. ती क्लॅरिनेट वाजवायची.

तुझी जोलीन त्याच बसमध्ये होती. ती ठीक आहे. अंगाचा वास जाईना म्हणून मार्व्हलने तिला दोनदा आंघोळ घातली. मग जेवताना तिने मला विचारलं की बाबांनी शाळा वाचवायचा खरंच प्रयत्न केला होता का. मी म्हटलं, बापाला विचार. ती विचारणार आहे.

अर्डिस


राजधानी, ३० जानेवारी १९७९

प्रिय अर्डिस,

तुझ्या पत्राने डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच कामाला लागलो. प्रत्येक शाळेच्या बसमध्ये सहा घोंगड्या आणि एक कंदील ठेवणं सक्तीचं करणारं 'कार्व्हर्स बेंड हिवाळी सुरक्षा विधेयक' मी मांडतो आहे. गावाचं नाव कायद्यात येणार. आजवर कुणी केलं होतं का असं?

त्यासाठी एक छायाचित्र हवं आहे. मी, ती पोरं आणि डुकरं. ओटोला सांगून गोठा झाडून घे. डुकरं फार स्वच्छ नकोत, खोटं वाटतं. डिटमारांची मुलगी पुढे बसली तर बरं. पट्टी दिसली पाहिजे.

जोलीनशी मी सविस्तर बोलेनच. सध्या अधिवेशन आहे.

तुझा
वेंडेल


राजधानी, २० फेब्रुवारी १९७९

प्रिय अर्डिस,

ओटोच्या गोठ्यातला छायाचित्राचा कार्यक्रम चांगला झाला. थंडीतही एवढं गाव लोटलं, यावरून लोकांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते दिसलं. तू मागे उभी राहिलीस, पुढे यायला हवं होतंस.

ओटोने मध्येच ते उकरून काढलं नसतं तर बरं झालं असतं. "वेंडेल, शाळेच्या कायद्याला तू कुठल्या बाजूने मत दिलंस?" हा काय गोठ्यात विचारायचा प्रश्न आहे? तरी मी शांतपणे सांगितलं, "मी गुणवत्तेच्या बाजूने मत दिलं."

"म्हणजे शाळा बंद करायच्या बाजूने?"

मी समजावून सांगणार होतो, तेवढ्यात जोलीन म्हणाली, "बाबा, हो की नाही, एवढंच सांगा ना." वयात आलेल्या मुली अशा बोलतात. मी म्हटलं, प्रश्न इतका सोपा नाही, आणि विषय घोंगड्यांवर नेला. सगळे गप्प झाले, म्हणजे पटलं असावं. छायाचित्रात डुक्कर छान आलं आहे.

तुझा
वेंडेल


कार्व्हर्स बेंड, १ मार्च १९७९

वेंडेल,

पटलं नव्हतं. तुझी गाडी वळल्यावर काय झालं ते सांगते.

कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. पुरुषांनी टोप्या घातल्या आणि उरलेली कॉफी बर्फावर ओतली. मिसेस डिटमारने माझ्याकडे बघून विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हणाले. गेले दोन आठवडे पार्लरमध्ये कुणी आलं नाही. मी रोज दार उघडते, ड्रायर पुसते आणि दार लावते. कालच मिसेस ग्रूबर आली. केस कापायचे नव्हतेच. म्हणाली, तुझं हॉटडिश भट्टीत भाजायचं भांडं माझ्याकडे राहिलंय, आणि खुर्चीवर बसून राहिली.

तुझ्या घोंगड्या पास होवोत. पोरांना लागतील.

अर्डिस


राजधानी, ११ ऑक्टोबर १९८२

अर्डिस,

माझ्या कानावर आलं आहे ते खोटं आहे असं लगेच लिहून कळव. म्हणे माझ्याविरुद्ध विरोधी पक्षालाही उमेदवार मिळाला नाही तेव्हा तुझ्या पार्लरमधल्या बायका घरोघर पेन्सिली वाटत फिरताहेत, आणि मतपत्रिकेवर छापील नावाखाली हवं ते नाव लिहायला जी रिकामी ओळ असते तिच्यात तुझं नाव लिहा म्हणून सांगताहेत. सख्खी बहीण. चार वर्षं मी या जिल्ह्यासाठी रक्त आटवलं. पुलाला रंग दिला, घोंगड्या दिल्या.

तुला राजकारणातलं काय कळतं? तू केस कापतेस.

वेंडेल


कार्व्हर्स बेंड, १६ ऑक्टोबर १९८२

वेंडेल,

खोटं नाही. पण मी उभी राहिलेली नाही, मला उभं केलं आहे. मिसेस डिटमार आली, म्हणाली, "तू एकदा गप्प बसलीस. आता बोलायला तुला तिकडेच पाठवतो." शिक्षा आहे की मान ते मी विचारलं नाही. हो म्हटलं.

केसांचं म्हणशील तर, बाईला पर्म कसा दिसतो हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती तरीही परत येते. तू करून बघ.

पेन्सिली मार्व्हलने आणल्या. हे तुला माझ्याकडून कळलेलं बरं.

अर्डिस


कार्व्हर्स बेंड, २० डिसेंबर १९८२

अर्डिस,

दोन गल्ल्या पलीकडे राहत असताना टपालाने लिहितो आहे, कारण तुझं तोंड बघायची इच्छा नाही.

तू जिंकलीस. कशी, ते सांगायला लाज वाटायला हवी. माझ्या वकिलाने कोर्टात बरोबर हरकत घेतली होती: अर्धी मतं अशुद्ध. अरडिस, आर्डीस, एकाने तर हार्डीज. न्यायाधीश म्हणाले, मतदार म्हणजे काही शुद्धलेखनाची परीक्षा द्यायला आलेला नसतो. ठीक. पण ज्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'वेंडेलची बहीण' असं लिहिलं होतं? ढीगभर होत्या! निकाल त्यांच्यावरच अडला होता. माझा वकील म्हणाला, हे नाव होत नाही. न्यायाधीशांनी मला पिंजऱ्यात बोलावलं, बायबलवर हात ठेवायला लावला आणि विचारलं, "मिस्टर टॉर्गर्सन, तुम्हाला बहिणी किती?"

मी म्हटलं, प्रश्न तसा सरळ नाही. ते म्हणाले, आकडा सांगा.

सगळं कोर्ट हसत होतं. मार्व्हलसुद्धा. एक, असं मी सांगितलं. माझ्या सार्वजनिक आयुष्यातलं हे पहिलंच एका शब्दाचं उत्तर, आणि त्यानेच माझी खुर्ची गेली.

नाताळच्या जेवणाला मी येणार नाही.

वेंडेल


राजधानी, ८ फेब्रुवारी १९८५

आदरणीय सिनेटर,

पत्राच्या माथ्यावरचं नाव बघून चकित झाली असशील. शालेय बस उत्पादक संघाचा मी या राज्यातला प्रतिनिधी झालो आहे. निवडणूक हरणं ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी बढती ठरली, अर्डिस. पगार दुप्पट, चौथ्या मजल्यावर खिडकी, आणि मतदार एकही नाही. सभागृहाच्या दाराशी उभं राहून पूर्वीच्याच लोकांशी पूर्वीचंच बोलतो, फक्त आता ते माझं ऐकतात. घोंगड्यांचा कायदा माझा, त्यामुळे बसवाल्यांमध्ये मला मान आहे.

ऐकतो की लहान गावांनी मिळून हायस्कूल पुन्हा उघडावं असं विधेयक तू आणते आहेस. भावना मी समजू शकतो. पण पोरं चालत शाळेत जाऊ लागली तर बस उद्योगाचं काय होईल, याचा कुणी विचार केला आहे का? यावर शांतपणे बोलू. स्टेक मी देईन.

जुनं सगळं मी विसरलो आहे. मार्व्हल अजून विसरलेली नाही. सुट्टीत गावी जातो तेव्हा सोफ्यावर झोपवते.

तुझा
वेंडेल


राजधानी, १० एप्रिल १९८५

वेंडेल,

तू चौथ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या, तरी लिहिते आहे, कारण समोर आलास की तू बोलू लागतोस.

विधेयक काल पास झालं. तुझ्या बसवाल्यांना सांग, पोरं सामन्यांना बसनेच जातील, अगदी उपाशी राहणार नाहीत ते. सप्टेंबरमध्ये कार्व्हर्स बेंडची शाळा उघडेल. छत गळतं, आणि कपाट परत द्यायला हॅडलीवाले कुरकुरत आहेत, पण उघडेल. मिसेस डिटमारला कळवलं तेव्हा तिने उघडायची तारीख विचारून घेतली. मग म्हणाली, बरं.

ते कसं पास झालं तेही ऐक, दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा. मला मतं कमी पडत होती. ज्यांच्याकडे होती त्यांना 'आरोग्यसेवा सुसूत्रीकरण' हवं होतं. नावं तर तुम्ही लोक फार छान ठेवता. लहान गावांतल्या दवाखान्यांमधले बाळंतपणाचे विभाग बंद करून मोठ्या गावात न्यायचे. मी शेवटच्या कलमापर्यंत वाचलं. पाइक जंक्शनचा दवाखाना त्यात आहे हे मला माहीत होतं. तिथून मोठा दवाखाना चाळीस मैलांवर आहे हेही माहीत होतं. आणि मी हात वर केला.

आज सकाळी तिथून एका बाईचा फोन आला. मेमध्ये बाळंत होणार आहे. आवाज चढवला नाही तिने. फक्त विचारलं, हिवाळ्यात ज्यांची वेळ येईल त्यांनी कसं करायचं?

तू न वाचता मत दिलंस आणि मी वाचून दिलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा मोठा फरक आहे. त्या बाईला तो कसा समजावून सांगायचा ते मात्र मला सुचलं नाही. मी म्हटलं, मी येते.

रविवारी चर्च सुटल्यावर पाइक जंक्शनला जाते आहे. त्यांच्या सभागृहात उभी राहून कुठल्या बाजूने मत दिलं ते सांगणार आहे, आणि मग त्यांना जे बोलायचं असेल ते ऐकून घेणार आहे. तिकडच्या रस्त्यावर अजून बर्फ आहे, माझी गाडी चढावर दम टाकते. तू ये आणि चालव. आत यायचं नसेल तर बाहेर बस, पण इंजिन चालू ठेवू नकोस. पळायच्या तयारीने आले आहे असं वाटेल त्यांना.

अर्डिस